लुगड्याआडचा पुरुष

सोलापुरात मंगळवारी आणि शुक्रवारी बाजारपेठेतून हिंडताना जोगवा मागणारे अजूनही दिसतात. आमच्या लहानपणी त्यांची संख्या बरीच अधिक होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा, हातात परडी, आणि अंगावर नीट चापूनचोपून नेसलेले लुगडे. त्यांतील काहींच्या हनुवटीवर दाढीचे खुंट असत. आजी सुपातले जोंधळ्याचे पीठ परडीत घाली, चिमूटभर भंडारा कपाळाला लावून घेई आणि त्यांच्या पाया पडे. तोच जोगता गल्लीच्या टोकाला पोचला, की पानाच्या टपरीवरची पोरे त्याला ज्या शब्दाने हाक मारीत, तो शब्द आजीच्याही कानांवर पडत असे. ती काही बोलत नसे. त्या पोरांत कधी कधी मीही उभा असे, हे येथेच सांगून टाकतो.

पुढे मराठीचा अध्यापक झालो आणि पदव्युत्तर वर्गाला ग्रामीण कादंबरी शिकवू लागलो, तेव्हा हाच जोगता पुन्हा समोर आला, या वेळी पाठ्यक्रमातून. तो शिकवताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येत गेली, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्त तीच आहे. मराठी साहित्याला, रंगभूमीला आणि चित्रपटाला लुगडे नेसलेला पुरुष परका नाही. उलट तो फार जवळचा आहे. अट एवढीच, की लुगड्याआड तो पुरुषच असला पाहिजे. ती खात्री एकदा मिळाली, की आपण टाळ्या वाजवायला आणि डोळे पुसायलाही तयार असतो. ती खात्री जेथे मिळत नाही, तेथे आपली कथा अडखळते.

या आवडीची मुळे जुनी आहेत. विराटाच्या राजवाड्यात उत्तरेला नृत्य शिकवणारी बृहन्नडा कीर्तनकारांनी पिढ्यान्पिढ्या रंगवली. पण श्रोत्यांना तिचा आनंद मिळतो तो वेणीआड गांडीव धरणारा अर्जुन आहे हे ठाऊक असल्यामुळे. अज्ञातवास संपताच ती वेणी सुटणार, ही हमी कथेतच दिलेली आहे. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) जे स्त्रीरूप उभे केले, त्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केल्याचे आपण कौतुकाने सांगतो. त्या कौतुकालाही नारायणराव राजहंस या गृहस्थाच्या अस्तित्वाचा भरभक्कम आधार आहे. तमाशातला नाच्या मात्र या प्रतिष्ठेत कधी बसला नाही. गणपत पाटील (निधन २००८) या कोल्हापूरच्या गुणी नटाला पडद्यावरच्या नाच्याची ओळख घर-संसार असूनही आयुष्यभर पुसता आली नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’चा नायक गुणा हा तर अंगापिंडाने पैलवानच. कादंबरीवरून निघालेला चित्रपट २०१० साली आला. त्यातील शोकांतिका कशाची आहे? एका मर्दाला कलेपायी नाच्या व्हावे लागले, याची. गुणाच्या जागी लहानपणापासून मुलींत रमणारा, नाच्या होण्यातच ज्याला मोकळे वाटते असा एखादा मुलगा असता, तर मराठी प्रेक्षक त्याच्यासाठी इतका हळहळला असता का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत आला आहे.

जोगत्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे नाटक नाही. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजेच रेणुका ही देवी बेळगाव जिल्ह्यातली. पण तिचा मुलूख सोलापूर, सांगली, कोल्हापूरपासून पार कर्नाटकाच्या आतल्या भागापर्यंत पसरलेला आहे. मुलीच्या किंवा मुलाच्या डोक्यात जट आली, नवस बोललेला असला, आजार हटेना, की देवीची इच्छा झाली असे घरचे मानत. मूल सौंदत्तीला नेत, जोगुळबावीत स्नान घालत, लिंब नेसवत आणि गळ्यात मोती बांधत. मुलगी असेल तर जोगतीण, मुलगा असेल तर जोगता. पुढे डोक्यावर देवीचा जग घ्यायचा, चौंडक्याच्या तालावर गाणी म्हणायची, दारोदार जोगवा मागायचा. जमदग्नीच्या वधाची आठवण म्हणून मार्गशीर्षातल्या रांडव पुनवेला बांगड्या फोडायच्या आणि माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा चुडा भरायचा. हे सौभाग्य-वैधव्य जोगतिणीचे तसेच जोगत्याचेही.

येथे हिजडा आणि जोगता यांत फरक केला पाहिजे, कारण शहरी वाचक ही दोन नावे सर्रास एकत्र करतो. हिजड्यांची घराणी असतात, गुरू-चेल्याची परंपरा असते, घर सोडून त्या घराण्यात जायचे असते. बधाई मागणे हा त्यांचा पारंपरिक हक्क, आणि गुजरातेतील बहुचरा ही त्यांची मुख्य देवी. अनेक जण निर्वाणाचा, म्हणजे लिंगच्छेदाचा विधी पत्करतात. जोगत्याचे तसे नाही. तो बहुधा आपल्याच गावात, कित्येकदा आपल्याच घराच्या ओसरीवर राहतो. त्याला बांधलेले असते ते मोत्याने. हे दोन प्रवाह काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात, तरी त्यांचे इतिहास वेगळे आहेत.

मोती बांधलेल्या मुलांत दोन प्रकारची मुले असत, ही सर्वांत महत्त्वाची बाब. काही मुले निव्वळ जटेपायी किंवा नवसापायी देवीला वाहिली गेली. त्यांचे पुरुषपण शाबूत होते आणि लुगडे त्यांच्यावर लादले गेले. काही मुले मात्र अशी होती, की ज्यांच्या चालण्याबोलण्यातला बायकीपणा पाहून घरच्यांनी त्यांना देवीकडे नेले, किंवा ती आपल्याच पायांनी गेली. कारण पाचशे उंबऱ्यांच्या गावात लुगडे नेसून जगण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्यांना उपलब्ध नव्हता. पहिल्यांना देवीने कैद केले, दुसऱ्यांना तिने आसरा दिला. बाहेरून दोघेही सारखेच दिसत.

सुधारकांच्या नजरेला पहिला दिसला, आणि तोही उशिराच. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला, कर्नाटकाने १९८२ साली समर्पणाला बंदी घातली, महाराष्ट्राचा निर्मूलनाचा अधिनियम २००५ चा. तिन्ही कायदे स्त्रीच्या समर्पणाविषयी बोलतात. ते योग्यच होते, कारण जोगतिणीचे शोषण उघड होते आणि तिची पुढची वाट बहुधा मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीकडे जाई. गडहिंग्लज-निपाणी भागात विठ्ठल बन्ने, सुभाष जोशी यांच्यासारख्या प्राध्यापक-कार्यकर्त्यांनी जी देवदासी चळवळ उभी केली, तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण ‘देवदासी’ या शब्दातच दासी आहे. जोगता त्या शब्दात मावतच नाही.

त्याला आधी पाहिले ते कथा-कादंबरीने. चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा जोगतिणीच्या जगात शिरणाऱ्या मोजक्या आरंभीच्या मराठी कथांपैकी एक. राजन गवस हे याच चळवळीच्या परिसरातून आलेले लेखक. त्यांची ‘चौंडकं’ १९८५ साली प्रसिद्ध झाली, ती जोगतीण झालेल्या सुलीची कादंबरी. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आलेल्या ‘भंडारभोग’ने जोगत्याला कादंबरीच्या केंद्रस्थानी आणले. सीमाभागातली बोली, भंडाऱ्याचा वास, जोगत्यांच्या मेळ्यातले हेवेदावे, भूक, आणि डोक्यावर जग असेतो पाया पडणाऱ्या व जग उतरला की टिंगल करणाऱ्या गावाचे दुटप्पी वागणे, हे सारे मराठी कादंबरीत यापूर्वी नव्हते. माझ्या आजीचे पीठ आणि टपरीवरचा तो शब्द या दोहोंना एकाच पानावर आणण्याचे धैर्य गवसांनी दाखवले. कायदा ज्याचे नाव घेत नव्हता, त्याला त्यांनी नायक केले.

या तीन कृतींवरून राजीव पाटील यांनी ‘जोगवा’ केला. २००९ साली तो प्रदर्शित झाला. २००८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उपेंद्र लिमये यांना अभिनयाचा, अजय-अतुल यांना संगीताचा आणि हरिहरन व श्रेया घोषाल यांना गायनाचा पुरस्कार मिळाला. सामाजिक प्रश्नावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही त्यालाच. चित्रपट मला आवडतो. तरीही त्याची सारी वाटचाल तायप्पाच्या पुरुषपणाच्या परतीकडे आहे, हे नाकारता येणार नाही. सुलीवरचे प्रेम हे त्या परतीचे कारण आणि पुरावा दोन्ही आहे. तायप्पा पहिल्या प्रकारचा जोगता आहे, लादलेल्या लुगड्यातला. म्हणून त्याची सुटका म्हणजे लुगडे टाकणे.

एकदा वर्गात या चित्रपटाची चर्चा चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला: “सर, ज्याला लुगडं टाकायचंच नाही, त्याची सुटका कशात?” मी तेव्हा अंधश्रद्धा, समाजरचना वगैरे काहीतरी बोलून तास संपवला. विद्यार्थी विचारून गेला आणि उत्तर मात्र माझ्याकडेच राहिले.

लुगड्याआड पुरुष शोधण्याची ही सवय केवळ लेखकांची नाही. राज्यसंस्थेनेही ती एके काळी कायद्याच्या कलमांत लिहून ठेवली होती. मराठेशाहीत चित्र निराळे होते. मराठी मुलखातील काही हिजड्यांकडे जमिनी आणि रोख नेमणुका वंशपरंपरेने, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे, चालत होत्या. गावोगाव ठरावीक हक्क मागण्याचा अधिकार त्यांना मान्य होता. म्हणजे बलुतेदारांच्या, गोसाव्या-फकिरांच्या जोडीने त्यांचेही नाव दप्तरात होते. त्या काळी त्यांची थट्टा होत नसेल असे कोणी समजू नये. पण थट्टा होणारा माणूसही हक्कदार असू शकतो, एवढे त्या व्यवस्थेला कळत होते. इंग्रजी अंमल आल्यावर पुणे भागातील अधिकाऱ्यांना या नेमणुका पुढे चालवणे लाजिरवाणे वाटू लागले. इनामांच्या चौकशीसाठी १८५२ चा अकरावा कायदा झाला, त्यात सार्वजनिक सभ्यतेला बाधक ठरणारी इनामे पुढे न चालवण्याची तरतूद होती. सभ्यता या एका शब्दावर हक्कदाराचा भिकारी झाला.

पुढचे पाऊल १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे. सोलापूरकरांना हा कायदा वेगळा सांगायला नको. पुढे याच कायद्याखाली पारधी, कैकाडी आदी जमातींना तारेच्या कुंपणात कोंडणारी येथली सेटलमेंट मुंबई इलाख्यातील एक प्रमुख वसाहत होती, आणि १९५२ साली कायदा रद्द झाल्यावरही त्या वस्तीचे नाव शहरात टिकून आहे. परंतु मूळ कायद्याचा दुसरा भाग कोणत्याही जमातीविषयी नव्हता, तो हिजड्यांविषयी होता, हे आमच्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यात त्यांची व्याख्याच ‘पुरुष जातीच्या व्यक्ती’ अशी होती; त्या स्वतः कबूल करतील किंवा वैद्यकीय तपासणीत नपुंसक ठरतील, तर त्या या व्याख्येत येत. संशयितांची नोंदवही ठेवायची, त्यांच्या मालमत्तेचीही नोंद करायची. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसली किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, अल्पवयीनाचे पालकत्व घेता येणार नाही. शेवटच्या तीन कलमांचा रोख गुरू-चेला परंपरेवर होता, हे उघड आहे. या भागाची अंमलबजावणी मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात झाली. पण लुगडे म्हणजे वेषांतर आणि वेषांतर म्हणजे फसवणूक, ही समजूत मात्र देशभर मुरली. बृहन्नडेच्या बाबतीत जे वेषांतर आपल्याला गोड वाटत होते, तेच आता दंडनीय झाले.

हा इतिहास आपल्या भाषेतही शिल्लक आहे. निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देणारे मोर्चे आपण सारे पाहत आलो. त्यांत पुरोगामी पक्षही मागे नाहीत. व्याकरण तर त्याहून कठोर. मराठीत भूतकाळी क्रियापद उच्चारले, की लिंग सांगावेच लागते. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? बंगाली माणसाला हे संकट नाही, इंग्रजाला नाही. तिसरे लिंग आपल्याकडे आहे, पण व्याकरणाने त्याला जे नाव दिले ते नपुंसक, आणि तेच नाव शिवीसारखे वापरले जाते. एका वर्षी उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थिनीने जोगत्याविषयीच्या उत्तरात सबंध दोन पाने स्त्रीलिंगी क्रियापदे वापरलेली आढळली: ‘ती जोगवा मागते’, ‘ती जग घेते’. मी सवयीने तांबड्या शाईने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारत गेलो आणि समासात ‘लिंगदोष’ असे लिहिले. दुसऱ्या पानाच्या शेवटी मला वर्गातला तो जुना प्रश्न आठवला. गुण कापले नाहीत, पण रेघाही पुसता आल्या नाहीत.

म्हणूनच लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेले आत्मकथन २०१२ साली मराठीत आले, तेव्हा ती मला वाङ्मयीन घटना वाटली. तमिळमध्ये लिव्हिंग स्माइल विद्या आणि ए. रेवती यांची आत्मकथने त्यापूर्वीच आली होती. लक्ष्मी ठाण्यात वाढलेल्या, घर मूळचे उत्तर प्रदेशातले. तरी पुस्तक मराठीत आधी आले आणि नंतर इंग्रजीत गेले. पुस्तकात विस्कळीतपणा आहे, परदेश प्रवासांची आणि परिषदांची वर्णने कंटाळा आणतात, प्रसिद्धीचा सोस लपत नाही. पण दलित आत्मकथनांनी मराठीला जे शिकवले, की ज्याचे जगणे त्याचे सर्वनाम, ते येथे शब्दशः लागू होते. लुगड्याआड पुरुष शोधणाऱ्या वाचकाला हे पुस्तक आत येऊच देत नाही. घराण्यात जाऊनही लक्ष्मींनी जन्मघराशी नाते तोडले नाही, आणि घरानेही त्यांना टाकले नाही. हिजड्याच्या कथेचा शेवट ठरलेला असतो, या समजाला त्यामुळे तडा जातो. दिशा पिंकी शेख यांची कविता याच्या पुढची आहे. तेथे स्पष्टीकरण देण्याची गरजच उरलेली नाही. तेथे राग आहे, उपहास आहे आणि स्वतःच्या देहाकडे पाहण्याची निखळ नजर आहे. याउलट गौरी सावंत यांच्या जीवनावरची ‘ताली’ ही मालिका २०२३ साली आली, तेव्हा त्यांची भूमिका सुश्मिता सेन यांनी केली. भूमिका पुरुषाकडून स्त्रीकडे गेली, ही प्रगती म्हणायची असेल तर म्हणावी. जिची गोष्ट आहे ती नटी अजून पडद्याबाहेरच आहे.

आणि दुसऱ्या प्रकारचा जोगता? लुगड्यात आसरा मिळालेला? त्याच्यासाठी सोलापूरकराने फार दूर जायला नको, शेजारच्या कन्नडमध्ये डोकावावे. बळ्ळारी भागातल्या मंजम्मा जोगती यांना तरुणपणी देवीची दीक्षा दिली गेली. घर सुटले, भीक मागावी लागली, अत्याचार सोसावे लागले. पण त्याच दीक्षेतून त्यांना जोगती नृत्य मिळाले, आणि डोक्यावरच्या त्याच घागरीने त्यांना रंगमंचावर नेले. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ सालच्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. ही यल्लम्मेची महती गाण्याची सबब नव्हे. ज्या प्रथेने त्यांना रस्त्यावर आणले, तिचे पाप त्याने धुतले जात नाही. पण मंजम्मांना ‘मुक्त’ करण्यासाठी कोणी लुगडे सोडायला लावले असते, तर ती दुसरी कैद झाली असती. ज्या कन्नडमध्ये विणकर कवी जेडर दासिमय्याने कित्येक शतकांपूर्वीच आत वावरणारा आत्मा ना स्त्री ना पुरुष असे म्हणून ठेवले आहे, तिला हे समजणे कदाचित सोपे गेले असेल. आमच्या या विणकरांच्या शहरात घरोघरी वचने म्हटली जातात, तरी मराठी विभागात ती पोचत नाहीत, ही आमचीच करंटेपणाची गोष्ट.

कायद्याने आपली जुनी चूक सुधारायला बराच काळ घेतला. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ आणि महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची नोंद झाली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच असल्याचे म्हटले; १८७१ च्या वैद्यकीय तपासणीला हे १४३ वर्षांनी आलेले उत्तर होते. तरी जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा महिला प्रवर्गातला अर्ज आधी फेटाळला गेला, औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. त्या निवडून आल्या.

आमच्या जिल्ह्यात मात्र हे त्याआधीच, आणि कोर्टकचेरीशिवाय घडले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडले गेले, तेव्हा माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने माउली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला निवडून दिले. वर्तमानपत्रांनी ‘महाराष्ट्रातील पहिले’ अशी बातमी छापली, काहींनी ‘पहिल्या’ असे लिहिले. क्रियापदाची पंचाईत तेथेही सुटली नाही. गावाने ती कशी सोडवली असेल, याचा मी विचार करतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर हा ज्ञानेश्वरांच्या पालखीचा रस्ता आहे. दर आषाढात या तालुक्यातून लाखो वारकरी जातात आणि बाई असो वा बुवा, प्रत्येक जण समोरच्याला एकाच हाकेने थांबवतो. त्या हाकेचा अर्थ आई असा आहे, ज्यांच्या नावाने ती दिली जाते ते पुरुष आहेत, आणि पंढरपुरात ज्याला भेटायचे तो विठ्ठल विठाई होऊन बसला आहे. तरंगफळच्या मतदारांना सरपंचाला हाक मारण्यासाठी नवा शब्द शोधावा लागला नाही.